निर्वासितांचा सरकारी खर्च: तो मोजतात कसा आणि जातो कुठे?

डेन्मार्कच्या अर्थमंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये एक हिशेब जाहीर केला. २०१८ या एका वर्षात 'बिगर-पाश्चिमात्य' देशांतून आलेले स्थलांतरित आणि त्यांची मुलं यांच्यामुळे सरकारी तिजोरीवर ३१ अब्ज क्रोनरचा निव्वळ भार पडला, म्हणजे जीडीपीच्या १.४ टक्के. २०१८ च्या दरानं ही रक्कम साधारण ३३ हजार कोटी रुपये होते. २०२१ मध्येच ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेनं २५ देशांचा २००६ ते २०१८ या काळाचा अभ्यास मांडला. त्यात म्हटलं होतं की स्थलांतरितांमुळे सरकारी जमाखर्चात पडणारा फरक बहुतेक देशांत जीडीपीच्या उणे एक ते अधिक एक टक्का एवढाच असतो. शिवाय शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा यांवर त्यांच्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा ते कररूपानं जास्त भरतात.

एका बाजूचे लोक पहिला आकडा फिरवतात, दुसऱ्या बाजूचे दुसरा. गंमत अशी की दोन्ही बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या माणसांबद्दल आहेत आणि वेगवेगळ्या पद्धतीनं काढलेत, एवढंच.

आधी कोण कोण, ते पाहू

'स्थलांतरित' या एका शब्दात निदान चार प्रकारची माणसं येतात. नोकरीचा व्हिसा घेऊन आलेला इंजिनिअर. आधीच तिथं राहणाऱ्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे आलेली व्यक्ती. आश्रयासाठी अर्ज करून निकालाची वाट पाहणारा आश्रयार्थी. आणि ज्याचा अर्ज मंजूर झाला तो निर्वासित. यांतला पहिला विमानातून उतरल्यावर पुढच्याच महिन्यापासून कर भरायला लागतो. तिसऱ्याला बऱ्याच देशांत सुरुवातीला काम करायची परवानगीच नसते. चौघांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो चौघांपैकी कोणालाच लागू पडत नाही.

डेन्मार्कची सरकारी वर्गवारी याहून निराळी आहे. युरोपीय संघ, ब्रिटन, नॉर्वे, आइसलंड, स्वित्झर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातले काही चिमुकले देश 'पाश्चिमात्य'. उरलेलं सगळं जग 'बिगर-पाश्चिमात्य'. म्हणजे जपान तिथंच, सीरिया तिथंच आणि भारतही तिथंच. कोपनहेगनमध्ये औषध कंपनीत काम करणारी पुण्याची मुलगी आणि अलेप्पोहून जीव वाचवून आलेलं कुटुंब एकाच रकान्यात बसतात.

'मुलं' कोणाला म्हणायचं याचीही व्याख्या ठरलेली आहे. जन्म डेन्मार्कमध्ये झाला, पण आईवडिलांपैकी एकही जण डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि शिवाय डॅनिश नागरिक नसेल, तर ते मूल 'वंशज' या गटात जातं. त्याच्या पुढची पिढी बहुधा हिशेबात डॅनिश धरली जाते. त्यामुळे या आकडेवारीत आजोबा आणि नातू समोरासमोरच्या बाजूंना मोजले जाऊ शकतात.

निव्वळ योगदान म्हणजे काय?

एका माणसानं वर्षभरात सरकारला जे दिलं त्यातून सरकारनं त्याच्यावर जे खर्च केलं ते वजा करायचं. उरेल ते निव्वळ योगदान. अधिक आलं तर तो देणारा, उणे आलं तर घेणारा.

देण्याच्या बाजूला प्राप्तिकर, पगारातून कापलं जाणारं श्रमबाजार अंशदान (डेन्मार्कमध्ये ८ टक्के) आणि व्हॅट (२५ टक्के). व्हॅट प्रत्येकाला लागतो. भत्त्यावर जगणाऱ्या आश्रयार्थ्याच्या पावाच्या पाकिटावरही. घेण्याच्या बाजूला शाळा, दवाखाना, पाळणाघर (त्याच्या खर्चाचा जास्तीत जास्त चौथा हिस्सा पालकांकडून घेता येतो, बाकी नगरपालिका भरते), बेकारी भत्ता, पेन्शन.

जुन्या एकत्र कुटुंबात सगळी कमाई एका पेटीत जायची आणि सगळ्यांचा खर्च त्याच पेटीतून निघायचा. शाळकरी पोरं आणि आजोबा त्या पेटीतून घेणारे, मधल्या पिढीतले कमावते टाकणारे. म्हणून कोणी पोरांना 'तोट्यातली' म्हणत नव्हतं, कारण उद्या पेटीत टाकणार तीच असायची. कल्याणकारी राज्याचा हिशेब नेमका असाच चालतो. अस्सल डॅनिश माणूससुद्धा आयुष्याची पहिली पंचवीसेक वर्षं आणि शेवटची काही वर्षं घेणाराच असतो.

म्हणून कुठलाही आकडा पाहिला की पहिला प्रश्न विचारायचा तो वयाचा. एका वर्षाचा हिशेब हा एका क्षणाचा फोटो असतो. २०१८ च्या फोटोतल्या 'वंशज' गटातला मोठा हिस्सा शाळा-कॉलेजच्या वयाचा होता. त्यांच्या शिक्षणाचा खर्च आज उणे दिसतो. ते भरतील तो कर पुढच्या फोटोंत येईल, आणि किती येईल हे त्यांना कसली नोकरी मिळते यावर ठरेल.

दुसरा प्रश्न सामायिक खर्चाचा. लष्कर, न्यायालयं, सरकारी कर्जावरचं व्याज हे डोक्यांवर वाटायचं का? दहा हजार निर्वासित आले म्हणून कोणी नवी पाणबुडी घेत नाही. पण त्यांनाही संरक्षण मिळतं, म्हणून वाटा लावावा, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ओईसीडीचा 'भरतात जास्त' हा निष्कर्ष फक्त शिक्षण, आरोग्य, सामाजिक सुरक्षा समोर ठेवून काढलेला आहे. सामायिक खर्चाचा पूर्ण वाटा लावला तर तुटीत चालणाऱ्या देशात तिथला मूळ नागरिकही सरासरीनं उणे निघू शकतो. ही निवड कोणत्याही अहवालाच्या मागच्या पानांत असते आणि बातमीत कधीच येत नाही.

३१ अब्ज आतून कसे दिसतात

डेन्मार्कमध्ये प्रत्येकाला एक वैयक्तिक नोंदणी क्रमांक असतो. पगार, कर, दवाखाना, शाळा, भत्ता सगळं त्याला जोडलेलं. त्यामुळे तिथला हिशेब खऱ्या नोंदींवर उभा असतो आणि म्हणूनच जगभर उद्धृत होतो. लोकसंख्येत बिगर-पाश्चिमात्य गट तेव्हा साडेआठ टक्के, म्हणजे पाच लाखांच्या जरा आत. भागाकार केला तर माणशी वर्षाला ६० हजार क्रोनरच्या वर उणे. त्याच वर्षी पाश्चिमात्य स्थलांतरित ७ अब्ज क्रोनरनं अधिक होते.

त्या अहवालात पहिल्यांदाच आणखी एक चाळणी लावली गेली. पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका, पाकिस्तान, तुर्कस्तान अशा देशांचा वेगळा गट केला. बिगर-पाश्चिमात्यांत हे लोक अर्धे, पण भारातला वाटा ७७ टक्के. अशा आकड्यांनी डॅनिश राजकारणात बरंच काही हललं. एकेकाळी उदार मानल्या जाणाऱ्या सोशल डेमोक्रॅट पक्षाची निर्वासितांबाबतची भूमिका कडक होण्यामागे अशा हिशेबांचा मोठा हात होता, असं तिथले अभ्यासक सांगतात.

मला विचाराल तर हा गटही फार उपयोगाचा नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी कारखान्यांत कामाला बोलावलेला तुर्की कामगार त्यात आहे (डेन्मार्कनं ही भरती नोव्हेंबर १९७३ मध्ये बंद केली), आणि २०१५ साली आलेला सीरियन निर्वासितही आहे. पहिला आज पेन्शनीत आहे, दुसरा नुकता भाषा शिकून उभा राहतोय. दोघांचं 'उणे' वेगवेगळ्या कारणांचं, त्यामुळे उपायही वेगळा.

पैसा त्यांच्या हातात पडतो का?

फार थोडा. इथं स्वीडनचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे.

२०१५ साली स्वीडनमध्ये १,६२,८७७ जणांनी आश्रयासाठी अर्ज केला. स्वतः स्वयंपाक करून राहणाऱ्या एकट्या प्रौढ आश्रयार्थ्याला दिवसाला ७१ क्रोना (स्वीडनचं चलन) भत्ता होता. छावणीत जेवण मिळत असेल तर २४ क्रोना. हे दर १९९४ साली ठरलेले. एकवीस वर्षांनी लाट आली तेव्हाही तेच होते. त्या ७१ क्रोनांत जेवण, कपडे, फोन सगळं भागवायचं.

आता दुसरी बाजू. त्या वर्षीच्या अर्जदारांत ३५,३६९ मुलं आईवडिलांशिवाय आलेली होती. अशा मुलाच्या निवासासाठी केंद्र सरकार नगरपालिकेला दिवसाला १,९०० क्रोना देत होतं. जुलै २०१७ मध्ये ते १,३५० वर आणलं. महिन्याचे ५७ हजार क्रोना त्या मुलाच्या खिशात जात नव्हते. ते जात होते चोवीस तास कर्मचारी असलेल्या वसतिगृहाला, इमारतीच्या भाड्याला, आणि बऱ्याच ठिकाणी ती वसतिगृहं चालवणाऱ्या खासगी कंपन्यांना.

ब्रिटनमध्ये हाच प्रकार हॉटेलांचा. आश्रयार्थ्यांना शहरोशहरीच्या साध्या घरांत ठेवलं तर २०२४-२५ मध्ये माणशी एका रात्रीचा खर्च १४ पौंडांच्या आसपास येत होता, हॉटेलात ठेवलं तर १४५ च्या आसपास. अर्ज निकाली निघेनात, घरं पुरेनात, म्हणून हॉटेलं घेतली. २०१९ ते २०२९ या दहा वर्षांच्या निवास-कंत्राटांचा अंदाज मुळात ४.५ अब्ज पौंडांचा होता. तो १५.३ अब्जांवर गेल्याचं तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं मे २०२५ मध्ये सांगितलं. २०२४-२५ मध्ये या कंत्राटांखालच्या लोकांपैकी ३५ टक्के हॉटेलांत होते, आणि खर्चाचे ७६ टक्के त्यांच्यावर गेले. जेवण देणाऱ्या हॉटेलात राहणाऱ्याला हातखर्चाला मिळतात आठवड्याचे १० पौंडांहून कमी.

अर्थात निवास हा पहिल्या काही वर्षांचा खर्च. लांब पल्ल्याचा भार कुठून येतो ते स्वीडनमधल्याच एका अभ्यासानं नेमकं दाखवलं. २००७ साली निर्वासितांवरचा निव्वळ भार स्वीडनच्या जीडीपीच्या १ टक्का होता. त्यातले चार-पंचमांश 'ते कर कमी भरतात' यामुळे होते, आणि फक्त एक-पंचमांश 'त्यांच्यावर खर्च जास्त होतो' यामुळे. एक पंचमांशासाठी भत्त्यांवर रान उठतं. चार-पंचमांशांचा प्रश्न म्हणजे त्यांना काम लवकर का मिळत नाही, तो मागे पडतो.

काम मिळायला उशीर का होतो?

पहिली अडचण कायद्याची. ब्रिटनमध्ये अर्ज करून बारा महिने लोटल्याशिवाय कामाची परवानगी मागतासुद्धा येत नाही, आणि मिळाली तरी ठरावीक यादीतल्या नोकऱ्यांपुरती. जर्मनीत पहिले तीन महिने बंदी, सरकारी केंद्रात राहायची सक्ती असेल तर त्याहून जास्त. स्वीडनमध्ये ओळख पटवायला सहकार्य केलं तर अर्जाच्या काळातही काम करता येतं. बंदीचा काळ वाया जातोच, वर हातातलं कसब मागे पडतं आणि बायोडेटात भगदाड पडतं.

दुसरी भाषा आणि प्रमाणपत्रं. दमास्कसमध्ये दहा वर्षं नर्स असलेल्या बाईला जर्मनीत आधी भाषेची परीक्षा, मग पदवीची तुलना, मग त्रुटी भरून काढायला प्रशिक्षण, असा फेरा असतो. तोवर ती साफसफाईचं काम धरते आणि बरेचदा त्यातच राहते.

तिसरी जागा. जर्मनी आश्रयार्थ्यांना राज्याराज्यांत वाटते ते 'क्योनिगश्टाइन सूत्रा'नं: दोन-तृतीयांश वजन राज्याच्या करउत्पन्नाला, एक-तृतीयांश लोकसंख्येला. वाटणी न्याय्य आहे, पण सूत्र नोकऱ्या कुठं आहेत ते विचारत नाही. रिकामी घरं असतात तिथं नोकऱ्या कमी असतात. म्हणून तर ती रिकामी असतात.

एवढं असूनही काळ आपलं काम करतो. जर्मनीच्या रोजगार संशोधन संस्थेनुसार २०१५ साली आलेल्या निर्वासितांपैकी ६४ टक्के २०२४ मध्ये कामावर होते. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. पुरुषांत तर ते ७६ टक्के, म्हणजे तिथल्या सरासरी पुरुषापेक्षा वर. बायकांत मात्र ३५ टक्केच. सगळा खड्डा इथं आहे: पाळणाघराची जागा मिळत नाही, भाषावर्गाची वेळ जुळत नाही, आणि शिक्षक-परिचारिका अशा ज्या पेशांत त्या आधी होत्या त्यांनाच परवान्यांच्या अटी सगळ्यांत कडक.

आणखी एक मेख आहे, ती खर्च कोणाच्या वहीत पडतो याची. निर्वासिताचं घर, मुलांची शाळा नगरपालिकेच्या आणि राज्याच्या अंगावर येते. नऊ वर्षांनी तो कर भरायला लागतो तेव्हा त्यातला मोठा वाटा बर्लिनला जातो. त्यामुळे देशाचा हिशेब जुळत असला तरी एखाद्या छोट्या गावाचा महापौर 'आम्ही बुडालो' म्हणतो ते खोटं नसतं. २०२३ च्या नोव्हेंबरात जर्मन केंद्र आणि राज्यांनी माणशी वर्षाला ७,५०० युरो केंद्रानं द्यायचे असं ठरवलं ते याच तक्रारीवर.

'भत्ते कापले की प्रश्न मिटला!'

हा प्रयोग डेन्मार्कनं करून पाहिला आहे. जुलै २००२ पासून नव्या निर्वासितांसाठी 'प्रारंभ मदत' नावाचा कमी भत्ता आला. त्यांच्या हातातली रक्कम सरासरी ४० टक्क्यांनी घटली. कुठल्या तारखेला राहण्याचा परवाना मिळाला यावर जुना की नवा दर हे ठरत असल्यानं अर्थतज्ज्ञांना तुलना करणं सोपं गेलं.

निकाल असा: सुरुवातीची एक-दोन वर्षं कामावर जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, मग फरक विरून गेला. बऱ्याच बायका श्रमबाजारातूनच बाहेर पडल्या. दुकानांतल्या चोऱ्या वाढल्या, आणि त्या काय होत्या तर बहुतेक खाण्यापिण्याच्या गरजेच्या. मुलांची भाषा-चाचण्यांतली कामगिरी घसरली. भत्त्यात वाचलेला पैसा पोलीस, न्यायालय आणि पुढच्या पिढीचा बुडालेला कर या रकान्यांत परत खर्ची पडतो, आणि ते रकाने वेगळ्या खात्याचे असल्यानं बचत झाल्यासारखी वाटते. २०१२ मध्ये ही मदत रद्द झाली, २०१५ मध्ये दुसऱ्या नावानं परत आली. पुराव्यानं धोरण ठरतं असं मानणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

'म्हाताऱ्या युरोपला तरुण माणसं हवीच आहेत'

हाही युक्तिवाद अर्धाच. पंचविशीत आलेल्या माणसाच्या शाळेचा खर्च त्याच्या मायदेशानं केलेला असतो, हा फायदा खरा. ब्रिटनच्या अर्थसंकल्प उत्तरदायित्व कार्यालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब मांडला: पंचविसाव्या वर्षी येऊन सरासरी पगार मिळवणारा स्थलांतरित हा सरासरी ब्रिटिश माणसापेक्षा तिजोरीला जास्त देऊन जातो. पण तोच माणूस सरासरीच्या निम्म्या पगारावर राहिला तर पेन्शनच्या वयापर्यंत एकूण सुमारे दीड लाख पौंड उणे, आणि पुढे म्हातारपणात उणे वाढतच जातं.

म्हणजे फरक पडतो तो पगारानं. डोकी वाढवून भागत नाही. आणि तरुण स्थलांतरितही म्हातारा होतोच.

आपल्याकडून गेलेल्यांचं गणित

नोकरीच्या व्हिसावर गेलेला भारतीय बहुतेक वेळा देणाऱ्यांच्या बाजूला असतो, कारण व्हिसाची चाळणीच तशी लावलेली असते. डेन्मार्कच्या पगार-मर्यादा योजनेत २०२५ साली किमान वार्षिक पगार ५,१४,००० क्रोनर असावा लागत होता. एवढ्या पगारावर कोणी पेटीतून काढणारा होत नाही, निदान कामाच्या वयात.

ब्रिटनमध्ये तर आरोग्यसेवेचे पैसे व्हिसाच्या अर्जासोबतच आगाऊ घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराखालच्या मुलाला ७७६. नवरा-बायको आणि दोन मुलं, पाच वर्षांचा व्हिसा: १८,११० पौंड एकरकमी. त्यावर पगारातून कर आणि राष्ट्रीय विमा कापला जातो तो वेगळा, ज्यातून तीच आरोग्यसेवा चालते. आणि व्हिसाची अटच असते की सरकारी भत्ते मागता येणार नाहीत. कंपनी हे पैसे भरते की नाही ते ऑफर लेटर घेतानाच विचारून घ्यावं. कुटुंबाचे बहुतेक ठिकाणी भरत नाहीत.

एकच खर्च, दोन खात्यांत

शेवटची गोष्ट या सगळ्यात सर्वांत कमी बोलली जाते. ओईसीडीच्या नियमांनुसार निर्वासितावर पहिल्या बारा महिन्यांत स्वतःच्या देशात केलेला खर्च 'परकीय विकास मदत' म्हणून दाखवता येतो. युक्रेनमधून लाट आली त्या २०२२ साली, प्राथमिक आकड्यांनुसार, श्रीमंत देशांच्या एकूण मदतीपैकी २९.३ अब्ज डॉलर, म्हणजे १४.४ टक्के, असे स्वतःच्याच हद्दीत खर्च झाले होते. ब्रिटननं २०२३ मध्ये ४.३ अब्ज पौंड याप्रमाणे दाखवले, मदतीच्या एकूण रकमेच्या २८ टक्के. मदतीचा एकूण आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्याला बांधलेला असल्यानं हॉटेलांचं बिल वाढलं की बाहेरच्या देशांतले लसीकरणाचे आणि शाळांचे कार्यक्रम कापावे लागतात. म्हणजे ब्रिटिश करदात्यानं गरीब देशांसाठी म्हणून दिलेल्या दर शंभर पौंडांतले अठ्ठावीस त्या वर्षी ब्रिटनमध्येच राहिले.